वर्गांतील हकीगत घरीं पोंचावी कशी?

शाळेंतून परत आलेल्या सात वर्षांच्या मुलाला आईनें विचारावें, "आज काय शिकलास रे?" आणि त्यानें दप्तर कोपऱ्यांत टाकीत उत्तर द्यावें, "कांहीं नाहीं." हा संवाद ज्या घरांत होत नाहीं असें घर विरळाच. मूल खोटें बोलत नसतें. आपण काय शिकलों हें सांगावयाचें तर शिकलेल्या गोष्टीकडे जरा दूर उभें राहून पाहतां आलें पाहिजे, आणि तें सामर्थ्य त्या वयांत नसतें. त्याला आठवतें तें मधल्या सुट्टींतील भांडण, शेजारच्या मुलाच्या डब्यांतील लाडू, किंवा गुरुजींच्या तोंडून निसटलेला एखादा विनोद. दोन तास बसून त्यानें दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या, सोडल्या, मोजल्या; पण तें त्याच्या लेखीं खेळणें झालें, शिकणें नव्हे. तेव्हां वर्गांतील हकीगत घरीं पोंचविण्याचें काम मुलावर सोंपवून चालत नाहीं. तें शिक्षकाचें आहे, आणि तें कसें करावें याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हें काम केवळ सौजन्याचें आहे असेंहि नव्हे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या चोविसाव्या कलमांत शिक्षकाचीं कर्तव्यें दिलीं आहेत. शिक्षकानें वेळेवर यावें, अभ्यासक्रम नेमल्या वेळांत पुरा करावा, या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्याच शेजारीं असें एक कर्तव्य लिहिलेलें आहे, कीं शिक्षकानें पालकांच्या सभा नियमितपणें घ्याव्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत, त्याची प्रगति व इतर उपयुक्त माहिती त्यांना द्यावी. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावे आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असेंहि याच कायद्यानें ठरविलें. कायद्याच्या बाजूनें पाहतां पालक हा शाळेच्या दारांत उभा असलेला पाहुणा नव्हे. प्रत्यक्षांत मात्र सहामाहींत एकदां सभा भरते, पन्नास पालक तासाभरांत आटोपले जातात, आणि त्या तासांतील मोठा भाग गणवेश, स्नेहसंमेलन व मुलांना उशिरा आणणाऱ्या रिक्षांवर खर्च होतो. मुलाला काय येतें व काय येत नाहीं, हा विषय निघण्यापूर्वीं चहा येतो.

मग राहतें तें प्रगतिपुस्तक. २०१० सालीं महाराष्ट्रांत आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धति आली. केवळ परीक्षेच्या दिवशींचा पेपर न पाहतां रोजचें निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा अनेक अंगांनीं मूल पाहावें, हा तिचा हेतु. आणि तो उत्तम होता असें माझें मत आहे. परंतु इतक्या अंगांनीं पाहिलेलें मूल घरीं पोंचलें तें कसें? 'अ-२' या दोन चिन्हांत. अ-२ म्हणजे शंभरांपैकीं ८१ ते ९०. वडील खूष झाले, आजीनें हातावर साखर ठेवली, आणि मुलाला वाचतांना जोडाक्षर अडतें ही गोष्ट शिक्षकाच्या नोंदवहींतच राहिली.

याचा परिणाम किती दूरवर जातो तें एका उदाहरणानें सांगतों. माझ्या तिसरीच्या वर्गांत एकदां दुसऱ्या गांवाहून एक मुलगा आला. वडील एस. टी.च्या डेपोंत मेकॅनिक होते, त्यांची बदली झाली होती. मुलाचें अक्षर मोत्यासारखें. फळ्यावरचा उतारा तो काना-मात्रा न चुकतां उतरवून घेई. आधींच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांत दोन्ही वर्षीं एकच शेरा होता: "अक्षर सुवाच्य. प्रगति समाधानकारक." पहिल्या आठवड्यांत त्याच्यापुढें न पाहिलेलें एक पान ठेवलें. त्यानें चित्राकडे पाहिलें आणि बोट ओळींवरून फिरवीत एक सुंदर गोष्ट सांगितली. मात्र त्या पानावर ती गोष्ट नव्हती. मुलाला वाचतां येत नव्हतें. तो अक्षरें काढीत होता, जशी रांगोळी काढावी तशीं.

वडिलांना बोलावलें. कामावरूनच आले, हाताला ग्रीस होतें. सर्व ऐकून घेतल्यावर जरा वेळानें म्हणाले, "गुरुजी, गाडीचा डाव्या बाजूचा ब्रेक कमी लागतो असं ड्रायव्हरनं लिहून दिलं, तर मी रात्रींत काम करून गाडी सकाळीं सोडतों. गाडी समाधानकारक आहे असं लिहून दिलं, तर मी हात कशाला लावूं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें. पुढें डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत वर्गांत रोज पंधरा मिनिटें त्याला व आणखी दोघांना घेऊन बसलों. घरीं त्याची आई रोज रात्रीं दहा शब्द वाचून घेई. एप्रिलांत तो बोट ठेवून, थांबत थांबत, पण खरोखरीच वाचूं लागला. तरी गेलेलीं दोन वर्षें गेलींच. चौथींतहि तो इतरांच्या मागें चालत होता, आणि त्याच्या बुद्धींत कांहींच उणें नव्हतें.

मेकॅनिकनें सांगितलेली रीत मला पत्करण्यासारखी वाटते. घरीं पाठविण्याच्या निवेदनांत शेरा नसावा, कोणता ब्रेक कमी लागतो तें असावें. "मराठी ठीक" याऐवजीं "सोपे शब्द वाचतो, जोडाक्षर आलें कीं थांबतो" असें लिहिलें तर आईला आज रात्रीं काय करावयाचें तें कळतें. यासाठीं मापहि हातीं असलेलें बरें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं 'निपुण भारत' ही योजना सुरू केली, तींत अशीं मापें सोप्या शब्दांत दिलीं आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलानें चार-पांच सोप्या शब्दांचें अनोळखी वाक्य वाचावें. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीच्या अखेरीस निदान ६०, आणि तेहि अर्थ समजून. संख्यांचें वाचन-लेखन पहिलींत ९९ पर्यंत, दुसरींत ९९९ पर्यंत, तिसरींत ९९९९ पर्यंत. कोणाहि गृहस्थास भिंतीवरच्या घड्याळाच्या साह्यानें हें घरीं पाहतां येईल. मात्र घड्याळ हातांत घेऊन रोज मुलाची शर्यत लावूं नये. मेल गाडीसारखें धडधडत वाचणारें आणि शेवटीं "काय वाचलेंस?" म्हटलें कीं गप्प होणारें मूल मीं पुष्कळ पाहिलें आहे. मिनिट मोजून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर आलें तरच ते शब्द मोजावे.

आतां दुसरी गोष्ट. शाळेंत काय शिकलें एवढेंच घरीं कळून भागत नाहीं. तें कोणत्या रीतीनें शिकविलें हेंहि कळलें पाहिजे. तें न कळल्यानें केवढा गोंधळ होतो याचें मोठें उदाहरण २०१९ सालच्या जून महिन्यांत घडलें. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकांत 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'बावीस'बरोबर 'वीस दोन' असें संख्यांचें वाचन दिलें गेलें. समितीच्या अध्यक्षा गणिती मंगला नारळीकर होत्या. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, विधानसभेंतहि विनोद झाले, मराठी भाषा बुडाली असें कित्येकांनीं जाहीर केलें.

या वादांत कोणाचा पक्ष घ्यावा तें श्रोत्यांनीं ठरवावें. पण मूळ अडचण काय आहे ती दुसरीच्या वर्गांत महिनाभर बसलेल्या माणसाला ठाऊक असते. आपण 'सदतीस' म्हणतों तेव्हां तोंडांतून आधीं सात बाहेर पडतो आणि मग तीस. लिहितांना मात्र आधीं तीन लिहावयाचा व नंतर सात. मूल जें ऐकतें तें ऐकल्या क्रमानें लिहितें, म्हणून ३७ च्या जागीं ७३ येतात. त्यांतून 'एकोणचाळीस' म्हणजे चाळीसाला एक कमी. कानावर पडतो चाळीस, आणि लिहावयाचे ३९. 'पंचावन्न', 'त्रेसष्ट', 'एक्याऐंशी' यांत मूळ अंक इतके रूप पालटून येतात कीं त्यांस ओळखणें कठीण. कानडी, तेलुगु, तमिळ या शेजारच्या भाषांत आणि इंग्रजींतहि वीसच्या पुढें आधीं दशक बोलतात, मग एकक. त्या मुलांना ही विशिष्ट अडचण येत नाहीं. जर्मन मुलांना मात्र आपल्यासारखीच येते. 'वीस एक' ही त्या अडचणीवर टाकलेली एक फळी होती, ओढा ओलांडून पलीकडे 'एकवीस'वर जाण्यासाठीं. कित्येक शिक्षक अशी फळी नांव न देतां पूर्वींपासून टाकीत आले आहेत. जुनीं नांवें पुस्तकांतून काढलेलीं नव्हतीं, तीं शेजारींच छापलेलीं होतीं.

मला वाईट वाटलें तें एवढ्याचें, कीं लाखों पालकांना ही गोष्ट प्रथम वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून कळली, मुलाच्या शिक्षकाकडून नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक वर्गांतून चार ओळींची चिठ्ठी गेली असती—यंदां असें असें करणार आहों, त्याचें कारण हें, दिवाळीपर्यंत मुलें नेहमींचींच नांवें वापरतील—तर पालक कदाचित् तरीहि नापसंती दर्शविते. पण ती नापसंती वर्गापर्यंत आली असती आणि तिचें कांहीं करतां आलें असतें.

अशीच लहान प्रमाणांतील भांडणें घरोघरीं चालूं असतात. बावन्नांतून सत्तावीस वजा करावयाचे आहेत. शाळा सांगते, पांच दशकांतील एक दशक सुटा करा, उरले चार दशक आणि बारा एकक, बारांतून सात गेले पांच, चारांतून दोन गेले दोन, उत्तर २५. आजोबा सांगतात, वर हातचा घे म्हणजे दोनाचे बारा, खालीं एक दे म्हणजे दोनाचे तीन; बारांतून सात गेले पांच, पांचांतून तीन गेले दोन; उत्तर २५. दोन्ही रीती निर्दोष आहेत. आजोबांची तर जलद आहे. पण पहिलींत काड्यांची जुडी सोडतांना दिसते, दुसरींत कांहीं सोडलेलें दिसत नाहीं, फक्त अंक बदलतात. मूल दोन्हींची खिचडी करतें: वरचा दशकहि कमी करतें आणि खालचाहि वाढवितें. मग उत्तर येतें १५, आणि आजोबा म्हणतात, हल्लीं शाळांत कांहीं शिकवीत नाहींत. याच आजोबांची दुसरी तक्रार पावकी-दिडकीची असते. त्यांना आदरानें सांगावें, कीं १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पुढें वजनें-मापेंहि दशमान झालीं, आणि ज्या बाजारासाठीं सवायकी, अडीचकी पाठ करीत तो बाजारच उठला. ज्याला हौस असेल त्यानें नातवाला जरूर शिकवावी. तोंडी हिशेबाला ती आजहि चांगली आहे.

वाचनाचेंहि तसेंच. पुष्कळ वर्गांत आतां अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें शिकवीत नाहींत. ज्या चार-सहा अक्षरांतून लगेच शब्द होतील तीं आधीं घेतात. घ, र, न, ळ, क, म एवढीं आलीं कीं घर, नळ, कमळ, नरम हे शब्द मूल पहिल्याच महिन्यांत वाचतें, आणि वाचल्याचा आनंद त्याला पुढें ओढून नेतो. त्या मुलाला घरीं आलेल्या पाहुण्यांसमोर उभें करून "क पासून ज्ञ पर्यंत म्हणून दाखव" म्हटलें तर तें 'ङ' पाशीं अडखळणारच. 'ङ' चा एकहि शब्द त्याला आयुष्यांत लागलेला नसतो. पण पाहुणे गेल्यावर तें मूल आपण ढ आहों असें समजून झोपतें, आणि हें नुकसान कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत दिसत नाहीं.

हें सर्व टाळण्यास कांहीं फार मोठी यंत्रणा लागत नाहीं. दर पंधरवड्यास अर्ध्या पानाची एक चिठ्ठी पुरते. तींत तीन गोष्टी असल्या म्हणजे झालें: काय झालें, पुढें काय घेणार, आणि घरीं काय करावें व काय करूं नये. नमुन्यादाखल एक वाचून दाखवितों.

"दुसरीच्या पालकांस सप्रेम नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांत मुलें दोन अंकी संख्यांची वजाबाकी शिकत आहेत. एक दशक सुटा करून तीं ती करतात. काड्यांनीं बहुतेकांना जमतें, कागदावर अजून चुकतें. या आठवड्यांत ही चूक व्हावयाचीच, काळजी नसावी. येत्या पंधरवड्यांत ५० ते ९९ या संख्या वाचणें व लिहिणें घेऊं. घरीं एवढेंच करावें: बसवरचा नंबर व दुकानांतील पावतीवरची रक्कम मुलाकडून वाचून घ्यावी. वजाबाकीची दुसरी रीत तूर्त शिकवूं नये. शुक्रवारीं सहल नाहीं. मुलांनीं आपसांत ठरविली आहे. खालीं जागा मोकळी सोडली आहे. आपल्याला घरीं काय दिसलें तें लिहून पाठवावें."

या चिठ्ठींत एकाहि मुलाचें नांव नाहीं, हें लक्षांत घ्यावें. वर्गाची हकीगत सर्वांना सांगावी. एका मुलाची अडचण मात्र त्याच्याच आईबापांना, आणि तीहि समोर बसवून. हल्लीं व्हॉट्सॲपवर प्रत्येक वर्गाचा एक समूह असतो. मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडल्या तेव्हां या साधनानें मोठी सोय केली, तें मान्य आहे. पण तेथें "अमुक अमुक यांनीं गृहपाठ केला नाहीं" अशी यादी चाळीस घरांत एका क्षणांत पोंचते, आणि तिच्यामागून तीस जणांचे हात जोडलेले नमस्कार येतात. कामाचा मजकूर त्या नमस्कारांखालीं दडपला जातो. चिठ्ठी दप्तरांतून गेलेली बरी. ती मुलानेंच घरीं मोठ्यानें वाचून दाखवावी असा नियम माझ्या वर्गांत होता. ज्या घरीं आईला वाचतां येत नसे तेथेंहि मजकूर पोंचे, आणि वाचनाचा पाठ फुकट होई.

भाषेची मात्र काळजी घ्यावी लागते. शिक्षक वर्षभर परिपत्रकें वाचतो, त्यामुळें त्याच्या लेखणींतून 'अध्ययन निष्पत्ति', 'क्षमता संपादणूक' असे शब्द आपोआप उतरतात. परिपत्रकांत ते शोभत असतील. आईला 'हातच्याची बेरीज' कळते, तेंच लिहावें.

वर्षाचा आराखडाहि जूनमध्येंच एकदां सांगून टाकावा. शाळा उघडल्यापासून महिनाभर नवें कांहीं न घेतां गेल्या वर्षीचें किती उरलें आहे तें पाहण्यांत जातो. पालकांना वाटतें, शाळा अजून सुरूच झाली नाहीं. श्रावण-भाद्रपदांत सण व सुट्ट्या फार, तेव्हां तोंडी काम व पाठांतर. खरें नवें शिकणें होतें तें दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. या तीन महिन्यांत लग्नकार्यासाठीं आठ-आठ दिवस मूल गांवीं नेऊं नये, हें स्पष्ट लिहावें. आंबे खाण्यासाठीं मे महिना आहे.

पालकांशीं बोलण्याची ही चाल आपल्याकडे नवी नाहीं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें मराठींत 'शिक्षणपत्रिका' चालविली, तिचा रोख शिक्षकांइतकाच आईबापांकडेहि होता. पुढें १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला काम करतांना त्यांनीं बालवाडी वस्तीच्या अंगणांतच भरविली. तेथें आयांना चिठ्ठी पाठविण्याचें कारणच उरलें नाहीं. भाकरी थापतां थापतां त्यांना शाळा डोळ्यांसमोर दिसत होती. शहरांतील चौथ्या मजल्यावरच्या घराला तें अंगण नाहीं, म्हणून कागद.

चिठ्ठीच्या खालीं सोडलेल्या मोकळ्या जागेंत काय येईल याची धास्ती नव्या शिक्षकांना वाटते. अनुभव असा, कीं अर्ध्या अधिक कोऱ्याच येतात. कांहींवर नुसती सही असते. पांच-सात मात्र अशा येतात कीं वर्गांत महिनाभर पाहूनहि जें कळलें नसतें तें एका ओळींत कळतें. "रात्रीं डोळे चोळते," "पाटीवर लिहितो, वहीवर लिहायला घाबरतो," "पाढे झोपेंत म्हणतो, जागेपणीं नाहीं." पहिल्या ओळीवरून एका मुलीला चष्मा लागला. आणि एका आजींनीं पेन्सिलीनें, गोल अक्षरांत लिहिलें होतें: "गुरुजी, माझी हातच्याची रीत मी नातीला शिकवूं का? मला दुसरी येत नाहीं." त्यांना उलट चिठ्ठी पाठविली, कीं अवश्य शिकवा, पण दिवाळीनंतर, तोंवर तिच्याकडून तिची रीत तुम्ही शिकून घ्या.